लागणीआधी बेणेप्रक्रिया, तशी गर्भाआधी फोलिक ॲसिडची गोळी

(ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. माणसाच्या औषधाविषयी शेतकी खात्याने का लिहावे, असे कोणी म्हणेल. आम्ही डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेले आहोत. परंतु गेल्या हंगामात एका आडसाली प्लॉटची पाहणी करून परतताना जे पाहिले, ते आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवले नाही.

प्लॉट उत्तम होता. सभासद म्हणाले, "साहेब, घर जवळच आहे, चहा घेऊन जा." ओसरीवर पाळणा होता. बाळ तीन-चार महिन्यांचे. त्याच्या पाठीवर, कमरेच्या वर, जन्मतः गाठ होती. तिचे ऑपरेशन झाले होते, पण दोन्ही पाय हलत नव्हते. आजी म्हणाल्या, "हिनं गिराण पाळलं न्हाई. गिराणात इळीवर बसली." सून काही बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा मात्र ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "साहेब, अंगणवाडीत नाव घातल्यापासून मी रोज गोळी घेतली. एक दिवस चुकवली नाही. तरी असं का झालं?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. कळले ते असे: ग्रहणाचा आणि या दोषाचा काही संबंध नाही. त्या बाईच्या हातून चूक झालेली नाही. गोळीही चांगलीच होती. पण या एका दोषापुरते बोलायचे तर ती गोळी पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली होती. ही गोष्ट आपल्या घराघरात आधी कळलेली असावी, एवढ्यासाठी हा लेख.

फोलिक ॲसिड म्हणजे काय?

ब गटातील जीवनसत्त्वांपैकी हे एक. त्याला बी-९ असेही म्हणतात. अन्नात ते नैसर्गिक स्वरूपात असते तेव्हा त्याला फोलेट म्हणतात. गोळीत असते ते फोलिक ॲसिड. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील मिचेल, स्नेल व विल्यम्स या शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले. चार टन भाजीतून हाती आले ते अगदी किंचित. पुढे काही वर्षांतच ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. त्या कामात अमेरिकेत गेलेले आंध्रातील शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता.

शरीरात याचे काम काय? शरीरातील पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात. प्रत्येक वेळी पेशीतील आनुवंशिक मजकुराची नवी नक्कल तयार व्हावी लागते. त्या कामाला फोलेट लागते. म्हणून जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे त्याची गरज जास्त. अशा जागा मुख्यतः दोन: हाडातील मगज, जिथे रक्तातील तांबड्या पेशी तयार होतात, आणि आईच्या पोटातील गर्भ.

मात्रा अगदी थोडी लागते. गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे असे सांगतात. म्हणजे एक ग्रॅम फोलिक ॲसिड एका बाईला २५०० दिवस, पावणेसात वर्षांहून अधिक पुरेल. आपण हेक्टरी पोत्यांनी युरिया टाकतो आणि बोरॅक्स मात्र ५ किलोच टाकतो. म्हणून बोरॅक्स कमी महत्त्वाचे ठरत नाही. कमी पडले की पीक दाखवतेच. इथेही तसेच आहे.

मुंबईच्या गिरणीतील बायका आणि यीस्ट

या जीवनसत्त्वाचा शोध आपल्याच महाराष्ट्रात सुरू झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर पांडुरोग होई. रक्त तपासले तर तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या, अर्धवट वाढलेल्या दिसत. कित्येक जणी बाळंतपणात दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी त्याचे कारण शोधण्यास सुरुवात केली.

आधी जंतूंचा संशय होता. तो खरा ठरला नाही. मग त्यांनी या बायकांचे ताट पाहिले. ज्यांच्या घरी खाणे बरे होते त्यांना हा आजार कमी, ज्यांच्या ताटात भाजी-फळे नव्हती त्यांना जास्त. या बायका खात तसेच अन्न त्यांनी उंदरांना घातले, तर उंदरांतही पांडुरोग दिसला. त्या अन्नात यीस्ट मिसळले की तो टळत असे. पुढे एका आजारी माकडाला 'मारमाईट' नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला. माकड सुधारले. तोच अर्क मग गरोदर बायकांना दिला आणि त्यांचे रक्त थोड्याच दिवसांत सुधारू लागले. १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कळले नव्हते, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. तेच पुढे फोलिक ॲसिड निघाले.

ज्या कारखान्यांना आसवनी आहे तेथील लोकांस यीस्ट नवे नाही. मळी आंबवून अल्कोहोल करणारे ते हेच. (म्हणून कोणी आसवनीतले यीस्ट घरी नेऊ नये. ते खाण्यासाठी तयार केलेले नसते.) सांगायचे एवढेच की, राबणाऱ्या बाईच्या ताटातली उणीव हीच तिच्या आजाराचे मूळ होती. शोध लागून नव्वदहून अधिक वर्षे झाली. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमीच आढळले. यात लोहाची कमतरता मोठी आहे. तिच्या जोडीला फोलेट व बी-१२ यांचीही असते.

अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गर्भ राहिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या बाजूला एक चपटी पट्टी तयार होते. पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना मिळतात आणि बंद नळी होते. या नळीचाच पुढे मेंदू व पाठीचा मज्जारज्जू बनतो. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत ही नळी मिटून पुरी होते.

ती वरच्या टोकाला मिटली नाही तर मेंदू व कवटी पूर्ण बनत नाहीत. असे बाळ जगत नाही. खाली पाठीकडे उघडी राहिली तर कणा दुभंगलेला राहतो. त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. पाठीवर गाठ येते, पायांत शक्ती नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, काहींच्या डोक्यात पाणी साठते. ऑपरेशनने गाठ बंद करता येते, पण मज्जारज्जूचे झालेले नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. आपल्या देशातील निरनिराळ्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे चार बालकांत असे दोष आढळले.

आता दिवस मोजा. पाळी साधारण २८ दिवसांची धरली तर गर्भ राहतो तो पाळीनंतर सुमारे १४ व्या दिवशी. त्यानंतर १४ दिवसांनी पुढची पाळी चुकते. म्हणजे पाळी चुकली तेव्हाच गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. नळी मिटायला उरतात अवघे दोन आठवडे. आपल्याकडे पाळी चुकल्यावर "आठ दिवस बघू" म्हणतात. मग सासूच्या कानावर घालतात, मग दवाखाना. अंगणवाडीत नाव लागेपर्यंत दुसरा-तिसरा महिना उजाडतो. नळीचे काम त्याच्या कितीतरी आधी संपलेले असते. शिवाय आज गोळी घेतली आणि उद्या साठा झाला, असे होत नाही. अंगात फोलेट पुरेसे चढायला काही आठवडे लागतात.

आम्ही आपल्याला नेहमी सांगतो की कांडीला बेणेप्रक्रिया लागणीआधी करा. लागण होऊन दीड महिना झाला, कोंब वर आले, मग सरीतली कांडी उपटून औषधात बुडवता येते का? नाही. पुढे खत द्या, आळवणी द्या, त्याचा उपयोग आहेच, पण बेणेप्रक्रियेचे काम त्याने होत नाही. ओसरीवरच्या त्या सुनेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

पुरावा काय आहे?

सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, चाचणी कुठल्या प्लॉटवर घेतली?" तसे इथेही विचारावे. इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांवर मोठी चाचणी घेतली. तिचा निष्कर्ष १९९१ साली जाहीर झाला. ज्यांना आधी असा दोष असलेले बाळ झाले होते, अशाच स्त्रिया तीत घेतल्या होत्या. निम्म्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिले, निम्म्यांना दिले नाही. एकूण २७ गर्भांत दोष पुन्हा दिसला. त्यांपैकी फोलिक ॲसिड घेतलेल्यांत ६ आणि न घेतलेल्यांत २१. म्हणजे धोका ७२ टक्के कमी झाला. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

पुढच्या वर्षी, १९९२ साली, हंगेरीतील चाचणी जाहीर झाली. त्यात पूर्वी असे बाळ न झालेल्या स्त्रिया होत्या. ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड असलेली जीवनसत्त्वांची गोळी गर्भाआधीपासून घेणाऱ्यांत एकालाही हा दोष नव्हता. दुसऱ्या गटात सहा बालकांना होता. दोन्ही गटांत दोन-दोन हजारांवर स्त्रिया होत्या. त्यानंतर अमेरिकेने १९९८ पासून पिठात फोलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले आणि तिथे असे जन्म कमी झाले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या गोळीने सगळेच दोष टळत नाहीत. आईचा मधुमेह, फेफऱ्यावरची काही औषधे, आनुवंशिकता अशीही कारणे असतात. म्हणून असे बाळ झाले तर त्या बाईला बोल लावू नये. गोळी चुकली म्हणूनही लावू नये.

कोणी, किती, केव्हा?

१) नवविवाहित स्त्री: मूल हवे असेल तर गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे लग्नानंतर लगेच दिवस जाणे नवे नाही. म्हणून लग्नापासूनच सुरू करणे बरे. 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८ च्या सरकारी कार्यक्रमातही गर्भधारणेआधीपासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम असेच सांगितले आहे.

२) दुसऱ्या मुलाच्या वेळी: तांबी काढायची किंवा गोळ्या बंद करायच्या ठरल्या की त्याच्या महिनाभर आधी फोलिक ॲसिड सुरू करावे. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळी गरज नाही, असे नाही.

३) चौथ्या महिन्यापासून: उपकेंद्रात मिळणारी लोह व फोलिक ॲसिडची लाल गोळी, रोज एक, १८० दिवस. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.

४) आधी असे बाळ झाले असेल, किंवा स्वतः अगर नवऱ्याला असा दोष असेल तर: मात्रा दहापट मोठी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. मधुमेह असलेल्या किंवा फेफऱ्याचे औषध चालू असलेल्या बाईनेही गर्भाआधीच डॉक्टरांना भेटावे. फेफऱ्याचे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

५) शाळेत व अंगणवाडीत मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. मुलगी ती घरी आणून टाकून देते का, याची आईने चौकशी करावी.

औषधाच्या दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट आहे. म्हणून नुसते "फोलिक द्या" म्हणून घेऊ नये. कोणती घ्यायची ते डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेला विचारावे. खर्चाचे म्हणाल तर एका गोळीची किंमत एका कप चहाहून कमी आहे.

लग्नाची यादी करताना दोन्हीकडची मंडळी भांडीकुंडी, मानपान, सोने असे सगळे लिहून काढतात. त्या यादीत हाही एक विषय निघावा, अशी आमची सूचना आहे. पोरीच्या आईने आणि सासूने तो काढला तर उत्तमच.

ताटात काय असावे?

गोळी घ्यायची म्हणून ताट रिकामे ठेवायचे नाही. घरातल्या सर्वांनाच, पुरुषांनाही, फोलेट लागते. ते भरपूर असते हरभरा, चवळी, मूग, मसूर, राजमा या कडधान्यांत. पालक, मेथी, चाकवत, हरभऱ्याची कोवळी भाजी यांत असते. शेंगदाणे, अंडी, संत्री यांतही असते. मोड आणले की कडधान्यातले फोलेट वाढते.

फोलेट पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्याने कमी होते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, बेताची शिजवावी. शिजवलेले पाणी ओतून देऊ नये. पुरणाच्या डाळीचा कट टाकून न देता आपल्या आया-आज्यांनी त्याची आमटी केली. तेच सर्व भाज्यांना लावावे.

भाजी विकत आणायची गरज नाही, आपल्या उसातच जागा आहे. पूर्वहंगामी लागणीत हरभरा, सुरूत मेथी, कोथिंबीर व भुईमूग, आडसालीत चवळी व भुईमूग ही आंतरपिके आम्ही नेहमीच सुचवतो. बाजाराला पाठवायचे तेवढे पाठवा, पण दोन सऱ्या घरासाठी राखा. पूर्वी उसात आपोआप उगवलेली चाकवत, तांदुळजा, पाथरी, घोळ ही भाजी भांगलणीच्या बायका ओटीत भरून नेत. आता तणनाशके आली. ज्या प्लॉटवर तणनाशक मारले आहे तिथली रानभाजी कोणीही तोडू नये. गड्या-बायकांनाही तसे बजावून सांगावे. बांधावरचा एक वाफा औषधाशिवाय राखला तर उत्तम.

आपण साखरेचे धनी आहोत, तेव्हा साखरेविषयीही खरे बोलावे. साखरेत फोलेट नाही. गुळात थोडे लोह असते, पण फोलेटची भिस्त त्यावर ठेवता येणार नाही. गूळ-शेंगदाण्याचा लाडू चांगला, त्यात फोलेट येते ते शेंगदाण्याकडून.

माळकरी घरांनी विशेष लक्ष द्यावे

फोलिक ॲसिडच्या बाबतीत सांभाळायची गोष्ट आहे बी-१२ ची. रक्त तयार होताना ही दोन्ही जीवनसत्त्वे जोडीने काम करतात. बी-१२ कमी असताना नुसते फोलिक ॲसिड जास्त मात्रेत घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही तिची लक्षणे. जुन्या पिवळेपणावर नुसता युरिया मारला की पान हिरवे होते आणि मुळाचा रोग झाकला जातो, तसेच हे.

बी-१२ मांस, मासे, अंडी आणि दूध यांत मिळते. आपल्या भागात माळकरी कुटुंबे पुष्कळ. त्यांना दूध-दह्याचाच आधार. पण गोठ्यात चार म्हशी असून सगळे दूध डेअरीला घालणारी आणि घरात चहापुरते ठेवणारी घरे आम्ही पाहतो. सुनेला आणि म्हाताऱ्या माणसांना रोज पेलाभर दूध, वाटीभर दही मिळाले पाहिजे. वरील लक्षणे असतील तर बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला १ मिलिग्रॅमहून अधिक फोलिक ॲसिड घेऊ नये.

आपल्या फडावरच्या भगिनी

दर हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. कोयत्यामागे एक बाई असतेच. त्यांतील कित्येक नुकत्या लग्न झालेल्या, कित्येक गरोदर असतात. पहाटे फडात, रात्री कोपीवर. जेवण म्हणजे भाकरी आणि चटणी, भाजी मिळेल त्या दिवशी. मुंबईच्या गिरण्यांत विल्सबाईंना जे दिसले, ते आपल्या बांधावर आजही दिसू शकते.

या भगिनींचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत असते आणि त्या इथे असतात. त्यामुळे गोळ्यांमध्ये खंड पडतो. सभासदांनी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या फडात टोळी आली की मुकादमाकडे सहज चौकशी करून गरोदर किंवा नवविवाहित बाई असल्यास गावच्या आशाताईंना कळवावे. ते शक्य नसेल तर गट ऑफिसला सांगावे, आम्ही उपकेंद्राला कळवू. माता व बाल संरक्षण कार्ड गावाकडून सोबत आणण्यास मुकादमांमार्फत सांगावे. ते दाखवले की इथल्या आरोग्यसेविकेला आधीच्या तपासण्या व गोळ्या समजतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी अर्धा दिवस मोकळीक द्यावी. आणि तिसरी गोष्ट, जाताना वाफ्यातली मेथीची जुडी तिच्या हाती द्यावी. उसाच्या एका मोळीएवढीही तिची किंमत नाही.

शंका-समाधान

शंका: गोळीने बाळ काळे होते किंवा फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, असे म्हणतात.
उत्तर: दोन्ही समजुती खोट्या आहेत. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते, त्यावरून हा समज झाला असावा. त्यात धोका नाही.

शंका: लाल गोळीने मळमळते.
उत्तर: रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेले जेवण चांगले. तरीही त्रास झाला तर गोळी बंद न करता आरोग्यसेविकेला सांगावे.

शंका: रोज पालेभाजी खाल्ली तर गोळी कशाला?
उत्तर: भाजी खावीच. पण शिजवताना फोलेट किती गेले आणि अंगी किती लागले याचा नेम नसतो. गर्भाआधीच्या व पहिल्या तीन महिन्यांच्या काळात भाजीच्या जोडीला गोळी हवीच.

शंका: पुरुषांचा याच्याशी काय संबंध?
उत्तर: रोज दारू पिणाऱ्याच्या अंगी फोलेट नीट लागत नाही, त्यालाही पांडुरोग होतो. तसेच सिकलसेलच्या रुग्णांना डॉक्टर फोलिक ॲसिड देतात. आणि सुनेची गोळी संपली तर तालुक्याहून आणायची कोणी, हाही पुरुषांचाच संबंध आहे.

शंका: दोन महिने झाले, आता सुरू करून उपयोग काय?
उत्तर: उपयोग आहे. नळीचा काळ गेला तरी आईचे रक्त आणि बाळाची वाढ यांसाठी गोळी हवीच. आजच सुरू करावी आणि दवाखान्यात नाव घालावे. सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या वेळी न चुकता करावी.

त्या सभासदांच्या घरी आम्ही पुन्हा गेलो होतो. आजींना ग्रहणाची गोष्ट समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तिला उगाच बोललो म्हणायचं." सुनेला सांगितले की पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, मोठ्या मात्रेची गोळी गर्भाआधीच सुरू करावी लागेल. तिने आरोग्य केंद्राचा वार आणि वेळ लिहून घेतली.

हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या माणसांना वाचून दाखवावा. ज्यांच्या घरी या लग्नसराईत कार्य आहे त्यांनी विशेषेकरून दाखवावा. गोळीविषयी अधिक माहिती आपल्या गावच्या आशाताई व उपकेंद्रातील आरोग्यसेविका देतील. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापनावर लिहू.